कॅचरच्या कपाळावरचं कुंकू

माझ्या घरात प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आहे. डाळींच्या डब्यांवर नावांच्या पट्ट्या आहेत, फ्रीजच्या दारावर आठवड्याचा स्वयंपाक लिहिलेला असतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मसालेभात कोणी करायचा, कागदी प्लेट्स कोणी आणायच्या, हे गणपती उठायच्या आत मी फोन करून सगळ्यांना सांगून टाकते. शॉमबर्गमधल्या आमच्या बायका मला हसतात. "नीलाकडे मीठसुद्धा फाइल केलेलं असतं," म्हणतात — आणि अडलं की मलाच फोन करतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं माझ्या विसरण्यातून घडलेलं नाही. मी विसरत नाही. दुसरं कोणीतरी विसरतं, असं मी एकदा म्हणाले होते. ते खोटं होतं.

ते खोटं मी कोणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही. देवापुढे — तिथे तर नाहीच. तुमच्यापुढे का काढते आहे? तुम्ही आमच्या घरी चहाला येणार नाही म्हणून, कदाचित.

सुरुवात कुठून करू? कार्डांपासूनच करते. ते सोपं आहे.

माझा नवरा श्रीधर इंजिनियर आहे. या देशात आला तेव्हा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काय बोलायचं, हे त्याला कळायचं नाही. बाकीचे बेसबॉलवर बोलायचे आणि हा सँडविच खात हसत बसायचा. मग कोणाच्या तरी गराज सेलमध्ये, दारात विकायला मांडलेल्या जुन्या सामानात, त्याला बुटांच्या खोक्यात भरलेली जुनी बेसबॉल कार्डं मिळाली. पत्त्यापेक्षा जराशी मोठी, जाड पुठ्ठ्याची. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची कामगिरी. पूर्वी मुलांना ती बबलगमच्या पुडीबरोबर मिळायची. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली की त्यांच्या आया खोल्या आवरताना खोकीच्या खोकी काढून टाकायच्या. श्रीधरनं ते एक खोकं आणलं आणि सगळी कार्डं पाठ केली. काही महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत तो बोलायला लागला, आणि मग त्याला थांबवणं अवघड झालं.

त्याचं एक शास्त्र होतं. होमरन मारणाऱ्या नावाजलेल्या खेळाडूंच्या मागे सगळेच लागतात, तिथे आपण जायचं नाही. ज्यांना अजून किंमत आलेली नाही ते शोधायचे. तळाला राहिलेल्या संघांचे बोलर — पिचर म्हणायला पाहिजे, पण घरात आम्ही बोलरच म्हणतो. सीझन संपत आल्यावर छापलेली कार्डं, कारण तोवर पोरांचा उत्साह गेलेला असायचा आणि छापलीही कमी जायची. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कॅचर. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर. अख्खा सामना तो गुडघे मोडून बसलेला असतो, प्रत्येक चेंडू त्याच्या हातात येतो, आणि वाहवा दुसऱ्याची होते. "लोकांना यांची किंमत नंतर कळेल बघ," श्रीधर म्हणायचा. नव्या कार्डांची सीलबंद खोकी विकत घेऊन तळघरात रचणाऱ्यांना तो हसायचा. "सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होईल यार?"

खरं सांगू? मला त्या कार्डांचा राग होता. माझ्या तळघरातलं एक अख्खं कपाट त्यांनी घेतलं होतं. शनिवारी सकाळी मी भाजी, लाँड्री, बँक असं लावून ठेवलेलं असायचं आणि हा गराज सेलच्या पाट्या बघत गाडी फिरवायचा. कोपरे दुमडलेली, कोणा पोरानं पेननं मिशा काढलेली कार्डं घेऊन आनंदानं परत यायचा. पण एक कार्ड तसं नव्हतं. एक कॅचर, तीसेक वर्षांपूर्वीचा. कोणाला नावही आठवणार नाही असा. उकिडवा बसलेला, जाळीचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला, उघडं कपाळ, आणि थेट तुमच्याकडे बघणारा. त्याचे चारही कोपरे धारदार होते, रंग काल छापल्यासारखे. श्रीधरनं तो कितीतरी वर्षं शोधला होता. तो वहीत नीट प्लास्टिकच्या खिशात असायचा आणि माझ्यासकट कोणी त्याला हात लावायचा नाही.

मग सासूबाई आल्या.

त्या मिरजेच्या. मुलींच्या शाळेत बाई होत्या. सासरे गेल्यावर दोन वर्षं एकट्या राहिल्या आणि श्रीधरनं कागदपत्रं करून त्यांना कायमचं आणलं. "कायमचं" हा शब्द मी विमानतळावरून घरी येताना गाडीत मनात घोळवत होते. त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती — हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही वाट बघत असाल की आता सासूचा जाच येईल. जाच नव्हता. मी कामावरून आले की त्या खिडकीशी उभ्या असायच्या. दार उघडायच्या आणि विचारायच्या, "दमलीस?" एवढंच.

ते मला सहन होत नव्हतं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. दिवसभर मी एका मोठ्या कंपनीत ट्रकांचं वेळापत्रक सांभाळायचे, फोनवर पुरुषांना दम द्यायचे. आणि घरी पाऊल टाकलं की कोणीतरी दिवसभर माझीच वाट बघत बसलेलं. त्यांना गाडी येत नव्हती. आमच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. हिवाळ्यात तर त्या खिडकीतून बर्फ बघायच्या आणि मी त्यांना बघायचे. दोघी एकाच घरात अडकलेल्या — पण त्या तक्रार करत नव्हत्या, आणि मी ती मनात करत होते. त्यांनी डाळींचे डबे माझ्या क्रमाऐवजी स्वतःच्या क्रमानं लावले, तर मी ते काही न बोलता परत लावायचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा क्रम पाळला. त्याचाही मला राग आला.

श्रीधर मात्र लहान मूल झाला होता. संध्याकाळी कार्डांची वही घेऊन आईशेजारी बसायचा. त्या चष्मा लावून एकेक कार्ड बघायच्या. तो कॅचर त्यांना फार आवडला.

"हा का रे असा बसलाय?"

"तेच काम त्याचं. पूर्ण मॅच तसंच बसायचं."

"पूर्ण? अरे, गुडघे गेले असतील याचे. कोणी तेल तरी लावून देतं का?"

तेव्हापासून त्याचं नाव "उकिडवा" पडलं. जेवताना त्या विचारायच्या, "आज तुझा उकिडवा काय म्हणतोय?" आमची मीनल तेव्हा हायस्कूलला होती, तीसुद्धा हसत म्हणायची, "डॅड, आजी लाइक्स हिम मोअर दॅन यू."

आता दसरा.

आमच्याकडे दसऱ्याला रोजच्या वापरातल्या वस्तूंची पूजा करतात. इथे दसरा कामाच्या दिवशी आला की आम्ही शनिवारी करतो. सोनं म्हणून मॅपलची पानं वाटतो. त्या वर्षी सगळं मी टेबलावर मांडलं होतं — शिवणाचं मशीन, गाडीच्या किल्ल्या, श्रीधरचा कॅल्क्युलेटर, माझा टाइपरायटर, मीनलची पुस्तकं. सासूबाई म्हणाल्या, "त्याचा उकिडवाही ठेव गं. जीव आहे त्याच्यावर त्याचा." मी वही आणून ठेवली. मग त्यांनी सांगितलं — मला शब्दन् शब्द आठवतो — "पुस्तकांना आणि त्या चित्राला नुसतं फूल ठेव. कागदाला कुंकू लावायचं नाही, डाग जात नाही." चाळीस मुलींच्या पाट्यापुस्तकांची पूजा त्यांनी वर्षानुवर्षं घेतलेली. त्यांना हे ठाऊक होतं.

आणि आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. सासरे गेल्यापासून सासूबाई कुंकवाच्या करंड्याला हात लावत नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मी तर मुळीच नाही. तो त्यांचा स्वतःचा नेम होता. देवाला अक्षता, फुलं त्या वाहायच्या, हळदकुंकू मात्र "तू वाहा" म्हणून मला सांगायच्या. श्रीधरच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. पुरुषांच्या येत नाही. माझ्या आलं होतं.

सांगून त्या स्वयंपाकघरात पुरणाकडे बघायला गेल्या. श्रीधर बर्फ आणायला गेला होता, मीनल वर अंघोळीला. पाहुणे यायची वेळ झाली होती. मी ओल्या कुंकवाची वाटी डाव्या हातात धरली आणि उजव्या अनामिकेनं भराभर सुरुवात केली — मशीन, किल्ल्या, कॅल्क्युलेटर, टाइपरायटर. पुस्तकं आली, त्यांच्या प्लास्टिकच्या कव्हरवर टेकवलं. वही आली. प्लास्टिकच्या खिशावरून कुंकू ओघळायला लागलं. मला ओघळलेलं आवडत नाही. मी ते पुसलं, कार्ड खिशातून बाहेर काढलं आणि त्या कॅचरच्या कपाळावर नीट मधोमध बोट टेकवलं.

काय विचार होता? काही नव्हता, असं म्हणायला मला आवडेल. पण "लावायचं नाही" हे वाक्य अजून कानात होतं. ते माझं घर होतं, माझं टेबल, आणि कशाला काय लावायचं ते मला सांगितलं गेलं होतं. एवढीच — एवढीशीच — ती गोष्ट होती.

कुंकू पुठ्ठ्यात तेव्हाच शिरलं. पुसलं तर पसरेल हे मला कळलं. मी कार्ड खिशात सरकवलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं, आणि पाहुणे आले. संध्याकाळी वही तळघरात परत गेली.

इथवर जे झालं ते सांगता आलं असतं. त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर. "अरे, माझ्याकडून घाईत झालं." श्रीधरला वाईट वाटलं असतं, दोन दिवस गप्प राहिला असता, बस्स. मी का नाही सांगितलं? कारण माझ्याकडून असं होत नाही. माझ्या हातून वस्तू खराब होत नाहीत — ही माझी जागा होती त्या घरात.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन होतं, आणि श्रीधर पहिल्यांदाच स्वतःची कार्डं मांडायला टेबल घेणार होता. शनिवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर कार्डं काढत बसला. सासूबाई समोर मेथी निवडत होत्या. मी इस्त्री करत होते.

तो एकदम थांबला. कॅचरचं कार्ड त्यानं उजेडाकडे धरलं.

"आई," मग तो हळू म्हणाला, "तू लावलंस का गं याला कुंकू?"

त्यानं मला विचारलं नाही. हे लक्षात घ्या. मला कोणी विचारलंच नाही.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "अरे, मी करंड्याला हात तरी लावते का?"

इस्त्री माझ्या हातात होती. शर्टाची बाही समोर होती. मला वेळ मिळाला होता — भरपूर. तोंड उघडायला, "मी" म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आई, अहो, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

तेच वाक्य. कुंकवाचं नाही, या वाक्याचं सांगायला मी बसले आहे. कुंकू तर नुसतं पुठ्ठ्याला लागलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखादी मुलगी उत्तर चुकली की तिला आणखी एक संधी द्यावी, तशा थांबल्या. मी इस्त्री शर्टावरून फिरवली. त्या घरात कुंकवाच्या वाटीत बोट घालणारे हात दोनच होते, माझे. त्यांना ते ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. मग त्यांनी नजर मेथीवर नेली.

"असेल," त्या म्हणाल्या. "लावलं असेल बाळ. रागावू नकोस."

"रागावतोय कुठे गं," श्रीधर म्हणाला, आणि उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्रदर्शनाला तो गेलाच नाही.

तुम्हाला वाटेल, पश्चात्तापानं मला झोप लागली नसेल. लागली. मला एक वाट सापडली होती. एका वाक्यानं श्रीधरच्या चेहऱ्यावर काळजी उमटली होती, आणि त्या काळजीतून काय काय होऊ शकतं हे मला — वेळापत्रकं लावणाऱ्या बाईला — लगेच दिसलं. एकदा खोटं बोललं की त्याला आजूबाजूला सामान लागतं. मी ते पुरवलं. "परवा शेगडी चालूच राहिली होती." "मागचं दार उघडंच होतं आज." शेगडी एकदा खरंच राहिली होती, मी ठेवली होती, कामावर जायच्या गडबडीत. श्रीधरनं डॉक्टरकडे नेऊ का विचारलं. मी म्हणाले, "वयाचं आहे रे, त्यांना उगाच घाबरवू नकोस." डॉक्टरनं त्या ठणठणीत आहेत असं सांगितलं असतं, हे मी जाणून होते.

मीनल एकदा चिडली. "मॉम, आजी रिमेंबर्स एव्हरीथिंग. तिला माझं लॉकर कॉम्बिनेशन पण पाठ आहे." मी तिला म्हटलं, तुला कळत नाही, जुनं आणि आवडीचं तेवढं लक्षात राहतं. तिनं ते मानलं. ती माझ्यावर विश्वास ठेवणारी मुलगी आहे.

आणि सासूबाई? सुरुवातीला त्या फक्त गप्प झाल्या. पण घरातली सगळी माणसं आपल्याकडे एका ठराविक नजरेनं बघायला लागली, तर एकटीनं किती दिवस खरं धरून ठेवायचं? जानेवारीत मी त्यांना शेगडीपुढे पाहिलं. बंद शेगडी. त्या एकेका बटणाला हात लावून बघत होत्या, जायला वळत होत्या, परत येऊन पुन्हा हात लावत होत्या. मी दारात होते. त्यांनी मला पाहिलं आणि ओशाळून विचारलं, "बंद आहे ना गं?" चाळीस मुलींचे पाढे चुकतात की नाही ते नुसतं ऐकून सांगणारी बाई. मी म्हणाले, "हो आई, बंद आहे." त्या क्षणीही सांगता आलं असतं.

मार्च यायच्या आत मी श्रीधरला सुचवलं की त्यांना थोडे दिवस अर्विंगला, धाकट्या दिराकडे ठेवावं. टेक्सासला थंडी नाही, घरात लहान मुलं आहेत, मन रमेल. सगळ्यांना पटलं. मंडळातल्या बायका म्हणाल्या, किती विचार करतेस गं सासूचा. मी त्यांची बॅग भरली, औषधांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. विमानतळावर त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, थोपटला आणि म्हणाल्या, "उकिडव्याला उन्हात ठेवू देऊ नकोस. रंग उडेल." त्याचा अर्थ काय होता, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अर्थ एवढाच असेल की उन्हानं रंग उडतो.

काही आठवड्यांनी जावेचा फोन आला. अंजू भाबडी आहे, मनात येईल ते बोलते. "वहिनी, आई काहीच विसरत नाहीत हो! माझ्या माहेरच्या सगळ्यांची नावं पाठ झाली त्यांना. तुम्ही तर केवढी काळजी लावून ठेवली होती!" फोनची तार मी बोटाला गुंडाळत होते. म्हटलं, "सुरुवातीला तसंच वाटतं गं. शेगडीपाशी जाऊ देऊ नकोस हं." तर पहिलं वाक्य घाबरून तोंडातून निसटलं, असं तुम्ही माझ्या बाजूनं म्हणणार असाल, तर हे दुसरं ऐकून ठेवा. ते मी खुर्चीत बसून, शांतपणे बोलले.

अंजूनं माझं ऐकलं. शेगडीपाशी जाऊ दिलं नाही. दाराला हात पोचणार नाही अशा उंचीवर साखळी लावली. दीर-जाऊ कामावर, मुलं शाळेत; सासूबाई दिवसभर साखळीच्या आत. तिथेच तीन वर्षांनी, दुपारी पडल्या असताना, हृदय बंद पडून त्या गेल्या. श्रीधर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

आता जे सांगते ते चालू आहे. संपलेलं नाही.

अर्विंगहून परत आल्यावर श्रीधर तळघरात गेला आणि तो कॅचर घेऊन वर आला. त्यानं त्याला काचेची चौकट केली आणि आमच्या देवघरात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ज्या कपाटात देव आहेत तिथे, ठेवलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "अंजू परवा बोलता बोलता म्हणाली, आई म्हणे बाबा गेल्यापासून कुंकवाला हात लावत नव्हती. ती त्या दिवशी म्हणालीही होती, माझ्याच ध्यानात आलं नाही गं. आणि एवढा नेम मोडून — विसरून का होईना — तिनं एकाच ठिकाणी बोट टेकवलं. माझ्या कार्डावर." त्याचे डोळे भरले होते. मी काय म्हणाले? म्हणाले, "चौकट जरा डावीकडे सरकव, निरांजनाची धग लागेल."

आता जुन्या कार्डांना भाव आला आहे. श्रीधरचे कॅचर, ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्यांना लोक शोधत येतात. ऑफिसातला एक मित्र मध्यंतरी घरी आला, देवांमध्ये ठेवलेलं कार्ड बघून चक्रावला, मग कपाळावरचा डाग बघून हळहळला. "डागानं याचं मोल गेलं," म्हणाला. श्रीधर हसला. "माझ्या कलेक्शनमधलं लोकांनी सगळ्यात कमी किंमत लावलेलं कार्ड हेच," म्हणाला. मी आतून चहा आणला.

एका रविवारी दुपारी त्यानं चौकट खाली काढली, कार्डं तपासायचं भिंग आणलं आणि मला बोलावलं. "बघ, रेषा दिसतात. आईच्या बोटाच्या." मी भिंगाला डोळा लावला. रेषा दिसत होत्या — बारीक, वळणावळणाच्या, सुकलेल्या कुंकवात पक्क्या बसलेल्या. आणि त्यांच्यातून एक तिरपी पांढरी फट गेली होती. लहानपणी विळीवर नारळ खवताना माझं बोट कापलं होतं. उजवी अनामिका. तिची खूण तिरपी आहे. त्याच बोटानं मी भिंग धरलं होतं. श्रीधरचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. "दिसलं ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दिसलं."

सांगितलं तर त्याच्या आईचा एवढाच उरलेला स्पर्श मी काढून घेईन, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ऐकायला छान वाटतं ना? जणू त्याच्यासाठीच गप्प बसले आहे. पण मागच्या वर्षापासून तेही म्हणता येत नाही. श्रीधर गाडीच्या किल्ल्या कुठेतरी ठेवतो आणि शोधतो — पन्नाशीतला कुठला पुरुष शोधत नाही? — पण हा पांढरा पडतो. "आईचं आलं माझ्यात," म्हणतो. डॉक्टरला त्यानं सांगितलं की आमच्या घराण्यात हा आजार आहे. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. आता रोज सकाळी दाढी करताना तो जुन्या कॅचरांची नावं संघांसकट मोठ्यानं म्हणतो, एखादं अडलं की पाणी बंद करून उभा राहतो, आणि मी बाहेर पलंगाची चादर घालत ऐकते. परवा त्यानं मला विचारलं, "माझं काही सुटायला लागलं तर तू मला स्पष्ट सांगशील ना? तुझ्याच लक्षात सगळं राहतं."

मी म्हणाले, "सांगेन."

मीनलनं दूरच्या गावी नोकरी धरली आहे. ती फोनवर विचारते, "इज इट हेरेडिटरी, मॉम?" म्हणजे ते आता तिच्यापर्यंतही पोचलं आहे.

या वर्षीचा दसराही शनिवारी केला. टेबलावर सगळं मांडलं. श्रीधरनं चौकट आणून मधोमध ठेवली. मी कुंकवाची वाटी घेऊन एकेका वस्तूला बोट टेकवत आले, आणि चौकटीपाशी पोचल्यावर तो दरवर्षी म्हणतो तेच म्हणाला — "याला नको. याला आईनं लावलंय." मी फूल ठेवलं. मग हात धुतले. अनामिकेवरचं कुंकू त्या खुणेत अडकून बसतं, लवकर निघत नाही.

ते बोट माझं आहे. कुंकू मी लावलं. शेगडी मी चालू ठेवली होती. आई काहीही विसरल्या नव्हत्या.